फोंतेन्हासमध्ये हुर्राक प्यायला जायचं असेल तर

माझी मावसबहीण साताऱ्याची. मार्च संपत आला की पणजीला माझ्याकडे येते, आणि एक संध्याकाळ फोंतेन्हास या पणजीच्या जुन्या वस्तीतल्या बारसाठी, तिथल्या हुर्राक या काजूच्या दारूसाठी, राखून ठेवते. पहिल्या खेपेला तिला फोनवर जे सांगितलं होतं, तेच लिहिते आहे.

शनिवार टाळा. मंगळवारी-बुधवारी जा आणि सातच्या आत पोहोचा. इथले बार म्हणजे जुन्या घराची पुढची खोली. जोसेफ बार तर एवढासा, की निम्मे लोक ग्लास घेऊन रस्त्यावरच उभे असतात. म्हणून दोघं-तिघंच जा. एका शनिवारी आम्ही सात जण रात्री साडेनऊला एका बारच्या दारात उभे राहून मोठमोठ्याने हसत होतो. समोरची खिडकी उघडली. एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "बाय, म्हजो घोव दुयेंत आसा." नवरा आजारी होता तिचा. आम्ही तसेच निघालो. ही गल्ली लोकांच्या राहण्याची आहे हे मनात ठेवूनच इथे यावं. कुणाच्या पायरीवर बसून फोटो काढू नयेत.

कदंब बसस्थानकावरून पाटोचा पूल ओलांडून चालतच या, दहा-पंधरा मिनिटं लागतात. गाडी आणलीत तर लावायची कुठे, यातच संध्याकाळ जाते.

आत गेल्यावर टेबल रिकामं दिसलं तरी काउंटरपाशी बसा. आणि पहिला प्रश्न विचारा, हुर्राक आली का? काजूचे बोंडू, म्हणजे काजूची फळं, तुडवून काढलेला रस आंबवतात आणि भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेची ती हुर्राक, पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. फेणी बाटलीत वर्षानुवर्षं राहते, हुर्राकचा स्वाद मात्र लवकर उतरतो. म्हणून ती साधारण मार्च ते मे एवढीच मिळते, आणि म्हणूनच तिच्यासाठी मुद्दाम यावं. कुठल्या भागातली आहे तेही विचारा. सत्तरीची आहे की काणकोणची, हे सांगायला बारवाल्याला आवडतं, आणि तिथून गप्पा सुरू होतात.

ग्लास बनताना बघा. आधी अर्धं लिंबू पिळतात, मग चिमूटभर मीठ. हिरवी मिरची देठ ठेवून उभी चिरतात आणि ग्लासात सोडतात. त्यावर बर्फ, साठेक मिली हुर्राक, आणि वरून हळूहळू लिम्का. मीठ पडलेलं असल्यामुळे फेस भसकन वर येतो, तो बसेपर्यंत थांबा. पहिल्या घोटाला लिंबूच लागतं. बोंडूचा वास मागून येतो, पिकलेला, किंचित उग्र. मिरची तर ग्लास निम्मा झाल्यावर जाणवायला लागते, त्यामुळे भरभर पिणाऱ्याला या पेयातलं निम्मं कळतच नाही. मिरची ढवळू नका.

पावसाळ्यात किंवा डिसेंबरात आलात तर फेणी घ्या, कोकम आणि सोडा घालून. फेणी कडक असते, चाळीस टक्क्यांच्या पुढे. पहिल्यांदाच पिणाऱ्याने नुसती घेऊ नये. न पिणारं कुणी सोबत असेल तर त्याच्यासाठी कोकम-सोडा, तेच मीठ आणि तीच मिरची घालून, तशाच ग्लासात मागवा. कोपऱ्यात पाण्याची बाटली धरून बसलेला माणूस मला बघवत नाही.

रिकाम्या पोटी पिऊ नका. चोरीस-पाव, म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज घातलेला पाव, मिळत असेल तर तो घ्या. शाकाहारी असाल तर खारे काजू पुरतात, जेवण नंतर करा.

दोन ग्लासांवर थांबा. हुर्राक सरबतासारखी उतरते आणि उठून उभं राहिल्यावर कळते. परतीची सोय येण्याआधीच करून ठेवा. ओला-उबर गोव्यात नाहीत, आणि रात्री बसही विरळ होतात. निघताना बारवाल्याला "देव बरें करूं" म्हणा.

बाटली घरी न्यायचा मोह होईल. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे, सीमेजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. बहीण जाताना कोकमं नेते, दोन किलो.