कोल्हापूर ते जळगाव विमानाने: अंतर आणि वेळ कशी काढायची

छोट्या विमानतळांमधल्या प्रवासाचा हिशेब दोनदा करावा: एकदा सरळ रेषेत, एकदा मुंबईमार्गे. सरळ विमान मिळालं नाही, तर दुसराच आकडा कामाचा.

1. आधी जागा पक्की करा. अंतर गावाचं नव्हे, विमानतळाचं मोजायचं. नाशिकचा विमानतळ ओझरला आहे, शिर्डीचा काकडीला. गुगल मॅप्सवर धावपट्टीवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात. कोल्हापूर (उजळाईवाडी) 16.66 आणि 74.29, जळगाव 20.96 आणि 75.63, मुंबई 19.09 आणि 72.87.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. काही ठिकाणी कोल्हापूरचा अक्षांश 16 अंश 39 मिनिटं 53 सेकंद असा दिलेला असतो आणि लोक सरळ 16.39 लिहून मोकळे होतात. मिनिटांना 60 ने आणि सेकंदांना 3600 ने भागून बेरीज करा, म्हणजे 16.66 येईल. नाहीतर विमानतळ 30 किलोमीटर दक्षिणेला, निपाणीच्या पट्ट्यात जाऊन बसतो.

2. अक्षांशांतला फरक गुणिले 111, रेखांशांतला फरक गुणिले 105. हे आकडे म्हणजे एका अंशाचे किलोमीटर; महाराष्ट्रापुरतं एवढं पुरतं. रेखांशाचा आकडा कोल्हापूरकडे 107 च्या जवळ, विदर्भात 104 च्या आसपास. दोन्ही उत्तरांचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ काढा. इथे 477 आणि 141, म्हणजे सुमारे 497 किलोमीटर. कोल्हापूर-मुंबई 308, मुंबई-जळगाव 357, मिळून 665.

3. आता वेळ. एटीआर 72, म्हणजे छोट्या मार्गांवरचं पंख्यांचं विमान, साधारण ताशी 510 किलोमीटरने उडतं. त्या वेगाने आलेल्या मिनिटांत 25 मिळवा: 15 विमान हवेत चढण्या-उतरण्याची, 10 जमिनीवर धावण्याची. सरळ गेलं तर 58 अधिक 25, म्हणजे एक तास 23 मिनिटं. मुंबईमार्गे पहिला टप्पा 61 मिनिटांचा, दुसरा 67 चा. जेट आहे म्हणून वेळ निम्मी होत नाही. 300 किलोमीटरच्या उडीत ते पूर्ण वेग गाठेपर्यंत उतरायची तयारी सुरू होते.

मुंबईच्या टप्प्याला आणखी दहा-पंधरा मिनिटं धरा. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि विमानांना हवेत घिरट्या घालाव्या लागतात. वेळापत्रकातल्या वेळेत कंपनीने यातली काही मिनिटं आधीच धरलेली असतात, म्हणून तुमचा आकडा थोडा कमी आला तर गोंधळू नका.

4. मधला थांबा. दोन तिकिटं वेगवेगळी असतील तर सामान घेऊन पुन्हा जमा करावं लागतं, शिवाय मुंबईत टी-1 वरून टी-2 ला, म्हणजे एका टर्मिनलवरून दुसऱ्याला, जायचं तर रस्त्यानेच. तीन तास ठेवा. 2025 पासून आणखी एक गोष्ट तपासावी लागते: तिकिटावर बीओएम (मुंबईचा जुना विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबई)? एक टप्पा सांताक्रूझचा आणि दुसरा नवी मुंबईचा निघाला, तर तीन तासही कमी पडतील.

म्हणजे एकूण सव्वापाच-साडेपाच तास. पावसाळ्यात संध्याकाळचं जोडविमान टाळाच. छोट्या विमानतळांचे कामाचे तास ठरलेले असतात. मुंबईत उशीर झाला आणि तिकडचा विमानतळ बंद व्हायची वेळ आली, की उड्डाण रद्द होतं.