विजेच्या होडीसाठी जनरेटर घेताना किंवा बनवताना

कर्ली खाडीत देवबागच्या बाजूला सहा-आठ माणसांना फिरवून आणणारी होडी विजेवर आणली, की पहिल्या हंगामात मालकाला एकच धास्ती असते: दुपारच्या फेरीत बॅटरी संपली तर काय? मग मोटार जेवढ्या किलोवॉटची, तेवढ्याच ताकदीचा जनरेटर तो शोधू लागतो आणि हिशेब तिथेच चुकतो. जनरेटरची वीज चार्जरला मिळते आणि बॅटरीला सोसेल तेवढाच प्रवाह चार्जर आत सोडतो, त्यामुळे निवडीची सुरुवात बॅटरीपासून करावी.

समजा, बॅटरी ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची, लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे. तिच्यात साधारण ५.१ युनिट वीज मावते. ती २० टक्क्यांवरून ९० टक्क्यांपर्यंत न्यायची तर ३.६ युनिट लागतात आणि चार्जरमधील घट धरून जनरेटरकडून ४ युनिट घ्यावे लागतात. २५ अँपिअरच्या चार्जरने हे काम तीन तासांच्या आत होते. छोटा पेट्रोल जनरेटर युनिटमागे साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल पितो, म्हणजे एका भरण्याला दोन ते तीन लिटर. हा खर्च पाहिला की होडी जरा सावकाश हाकावीशी वाटते, आणि ते योग्यच आहे: पाण्यातून संथ जाणाऱ्या होडीला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून पाच नॉटऐवजी चार नॉटने गेल्यास ती जवळपास निम्मी होते. भरतीबरोबर खाडीत शिरून ओहोटीबरोबर बाहेर पडणारा जुना तांडेल हेच गणित वेळापत्रकात बसवत असे.

आता चार्जरकडे वळू. २५ अँपिअर गुणिले ५४ व्होल्ट म्हणजे १,३५० वॉट. घट धरून चार्जर जनरेटरकडून घेणार १,५०० वॉट. या आकड्यावर विसंबून मी २ केव्हीएचा, म्हणजे २,००० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) भार पेलणारा जनरेटर आणला होता. चार्जरने पूर्ण प्रवाह घेताच मिनिटभरात ओव्हरलोडचा लाल दिवा लागे. वायरभोवती अडकवून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावल्यावर २३० व्होल्टवर १० अँपिअर दिसले, म्हणजे २,३०० व्हीए. चार्जर स्वस्तातला होता आणि त्याचा पॉवर फॅक्टर, म्हणजे वॉट आणि व्हीए यांचे गुणोत्तर, ०.६५ होता; वॉट १,५०० असले तरी जनरेटरच्या गुंडाळीला भार २,३०० चाच होता. त्यामुळे पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट असलेला चार्जर थोडे जास्त पैसे देऊन घ्यावा. प्रवाह कमी-जास्त करता येत असेल तर उत्तमच. जनरेटरच्या खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा कमाल क्षमतेचा असतो. सलग क्षमतेचा आकडा शोधावा आणि चार्जरचा भार त्याच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवावा.

साधा जनरेटर ५० हर्ट्झ राखण्यासाठी बहुधा सतत मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर ओरडत राहतो, तर इन्व्हर्टर जनरेटर भार उतरला की फेऱ्याही उतरवतो. ज्या होडीची विक्रीच शांततेवर होते, तिच्यासाठी इन्व्हर्टर जनरेटरच घ्यावा.

बॅटरी लेड-ॲसिड असेल तर प्रवाह क्षमतेच्या दहाव्या भागाच्या आसपास ठेवावा लागतो आणि ८० टक्क्यांनंतर तो आपोआप घटत जातो. त्या शेवटच्या टप्प्यासाठी पेट्रोल जाळू नये. तो रात्री जेटीवरच्या विजेवर पुरा करावा.

जनरेटर स्वतः बनवण्याचा मोह अनेकांना होतो. छोटे इंजिन, पट्टा, पुली आणि ४८ व्होल्टचा अल्टरनेटर (गाडीत इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे यंत्र) एवढ्यावर थेट डीसी मिळते आणि चार्जर वाचतो. मात्र अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५-६० टक्के धरली तर १,३५० वॉटसाठी शाफ्टवर ३ अश्वशक्तीहून अधिक लागते, म्हणून इंजिन निदान ५ अश्वशक्तीचे असावे. लिथियम बॅटरी मिळेल तितका प्रवाह ओढते, त्यामुळे गाडीतला नेहमीचा अल्टरनेटर तापून जळतो. तापमान पाहून प्रवाह आवरणारा वेगळा रेग्युलेटर हवाच. त्याहून मोठा धोका बीएमएसचा, म्हणजे बॅटरीची राखण करणाऱ्या आणि गरज पडल्यास तिला तोडणाऱ्या सर्किटचा आहे. बॅटरी भरताच त्याने चालू अल्टरनेटरवरून तिला तोडले, तर व्होल्टेज एकदम उसळून डायोड उडतात आणि सोबत इतर उपकरणेही जातात. म्हणून बीएमएसच्या इशाऱ्याने आधी फील्डचा (अल्टरनेटरमध्ये चुंबकत्व तयार करणाऱ्या गुंडाळीचा) प्रवाह बंद व्हावा आणि मगच संपर्क तुटावा, अशी जोडणी करावी. कायमचुंबकी मोटार उलटी फिरवून वीज घेणार असाल तर बंद करायला फील्डच नसते. तो इशारा इंजिनच्या बंद करण्याच्या वायरपर्यंत न्यावा लागतो. एवढी तारजोडणी स्वतः तपासता येत नसेल, तर तयार जनरेटर आणि चांगला चार्जर हीच जोडी घ्यावी, असे माझे मत आहे.

जनरेटर केबिनमध्ये किंवा फळ्यांखाली कधीही चालवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि हवेपेक्षा जड असलेली पेट्रोलची वाफ होडीच्या तळाशी साचून एका ठिणगीची वाट पाहते. शक्यतो तो जेटीवर, धूर वाऱ्याच्या दिशेने होडीपासून दूर जाईल असा ठेवावा आणि गार झाल्यावरच पेट्रोल भरावे. खाऱ्या हवेत साधे तांबे हिरवे पडते. कथिलाचा मुलामा दिलेली वायर वापरावी आणि बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज बसवावा.

पहिले भरणे जेटीवर, पूर्ण भारावर करून पाहावे. अर्ध्या तासाने सगळे बंद करून प्रत्येक लगला (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीला) बोट लावावे. जो लग इतरांपेक्षा जास्त तापला असेल, तो कापून नवा लग क्रिंप करावा, म्हणजे दाबून बसवावा.