न वापरलेली पॅकेजेस काढताना या चुका टाळा

डेटा ॲनालिसिसच्या स्क्रिप्टमध्ये इम्पोर्ट, म्हणजे पॅकेजेस (तयार कोडचे संच) वापरायला आणणाऱ्या ओळी, साचत जातात. एखादा ग्राफ काढून बघायला सीबॉर्न आणलं, ग्राफ नको झाला, ओळ तशीच राहिली. साफसफाई करायलाच हवी. पण ‘कोडमध्ये नाव सापडत नाही, म्हणजे पॅकेज लागत नाही’ हा हिशेब बऱ्याचदा चुकतो.

आधी साधी गोष्ट. पायथनमध्ये इम्पोर्टचं नाव आणि पॅकेजचं नाव एकच असेल असं नाही. सीव्ही2 येतं ओपनसीव्ही-पायथनमधून, पीआयएल येतं पिलोमधून. नुसतं सर्च करून यादी छाटाल तर नेमकं कामाचं पॅकेज उडेल.

खरी गोची पडद्याआडच्या पॅकेजेसची. डेटा हाताळणाऱ्या पांडाज पॅकेजचं रीड-एक्सेल फंक्शन हल्लीच्या एक्सेल फाइलसाठी ओपनपायएक्सएल मागतं, आणि पार्के (कॉलमनुसार डेटा साठवणाऱ्या) फाइलसाठी पांडाजला पायॲरो किंवा फास्टपार्के लागतं. स्क्रिप्टमध्ये यांचा उल्लेखही नसतो, त्यामुळे न वापरलेली पॅकेजेस शोधणारं डेपट्रायसारखं टूल त्यांना बिनकामाचं ठरवतं. तुम्ही रिक्वायरमेंट्समधून, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीतून, ओळ काढता. तुमच्या मशीनवर पॅकेज अजून इन्स्टॉल्डच असतं, सगळं सुरळीत चालतं, आणि एरर येते सहकाऱ्याकडे.

काही इम्पोर्ट तर केवळ परिणामासाठी असतात. मशीन लर्निंगच्या सायकिट-लर्न पॅकेजमधलं, डेटातल्या रिकाम्या जागा भरणारं इटरेटिव्ह इम्प्यूटर वापरण्याआधी त्याला ‘एनेबल’ करणारी एक इम्पोर्ट ओळ लागते. ते नाव पुढे कुठेच येत नाही. कोड तपासणाऱ्या रफ या टूलचा एफ401 नियम (न वापरलेले इम्पोर्ट शोधणारा) ती ओळ धरतो आणि ऑटो-फिक्स चालू असेल तर पुसूनही टाकतो. अशा ओळीपुढे ‘नोक्यूए’ची (ही ओळ सोडून दे, असं टूलला सांगणारी) कॉमेंट टाका, आणि ती का ठेवली तेही लिहा.

आर या भाषेत मामला जास्त धोक्याचा, कारण तिथे कधीकधी एररच येत नाही. समजा, स्क्रिप्टमध्ये डीप्लायर पॅकेजची म्यूटेट, सिलेक्ट ही नेहमीची फंक्शन्स नाहीत, म्हणून डीप्लायरची लायब्ररी ओळ (आरमधला इम्पोर्ट) काढली. पण खाली कुठेतरी मागच्या महिन्याची विक्री नव्या कॉलममध्ये आणायला डीप्लायरचंच लॅग वापरलंय. आता आर स्वतःसोबत येणाऱ्या स्टॅट्स पॅकेजमधलं त्याच नावाचं लॅग उचलतं. ते साध्या व्हेक्टरच्या किमती सरकवतच नाही, फक्त काळाची खूण बदलतं. नवा कॉलम जुन्याची हुबेहूब नक्कल होतो, वाढीचा दर सगळीकडे शून्य येतो आणि स्क्रिप्ट मुकाट्याने शेवटपर्यंत चालते. म्हणून अशा फंक्शन्सआधी दोन कोलन देऊन पॅकेजचं नाव लिहिलेलं बरं. दोन्ही पॅकेजेसमध्ये असलेल्या फिल्टरचंही तेच, पण ते निदान ‘ऑब्जेक्ट सापडत नाही’ म्हणून ओरडतं.

पायथनमधल्या पिप फ्रीझ कमांडची (इन्स्टॉल्ड सगळ्या पॅकेजेसची) यादी मात्र छाटत बसू नका. पांडाजसोबत त्याला लागणारं नमपाय येणारच. तुम्ही स्वतः मागवलेली पॅकेजेसच तपासा.

एका वेळी एकच पॅकेज काढा. नोटबुकचा कर्नल (कोड चालवणारा भाग) रीस्टार्ट करणं पुरेसं नाही. नव्या यादीवरून कोरं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजेसची स्वतंत्र जागा) बनवा, स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून चालवा आणि आउटपुट फाइल जुन्या फाइलशी ताडून बघा. एक्सेल वाचणारी ओळ एखाद्या इफमध्ये दडली असेल, तर ती अट पुरी होईल असाच डेटा द्या.