फ्रान्सशी चर्चेला बसण्याआधी: जर्मनीच्या बाजूची तयारी

अभिरूप वाटाघाटींत ज्यांच्या वाट्याला जर्मनी आला आहे, त्यांनी तयारीची सुरुवात भाषण लिहिण्यापासून करू नये. आधी कोणता प्रश्न कोणाच्या हातात आहे, ते लिहून काढा. आयात शुल्क किती असावं हे पॅरिस आणि बर्लिन आपापसांत ठरवू शकत नाहीत. व्यापार धोरण सर्वस्वी युरोपीय संघाच्या अखत्यारीत येतं आणि त्याच्या वाटाघाटी युरोपीय आयोग, म्हणजे संघाचं कार्यकारी मंडळ, करतो. परराष्ट्र धोरण ज्याचं त्याचं असलं, तरी संघाची म्हणून भूमिका घ्यायची तर सहसा सत्तावीसही देशांचं एकमत लागतं. म्हणजे व्यापाराच्या मुद्द्यावर तुम्ही फ्रान्सकडे सवलत मागायला बसलेले नसता. ब्रसेल्समध्ये त्याचं मत कुठे पडणार, यासाठी बसलेले असता. हे पक्कं झाल्याशिवाय पुढची फाइल उघडू नका.

मग मतांचं गणित करा. संघाच्या मंत्रिपरिषदेत नेहमीचा प्रस्ताव मंजूर व्हायला किमान १५ देश आणि ६५ टक्के लोकसंख्या लागते; अडवायला किमान ४ देश आणि ३५ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या. फ्रान्स आणि जर्मनी मिळून संघाची साधारण एक तृतीयांश लोकसंख्या भरते, त्यामुळे प्रस्ताव अडवायला दोघं एक झाले तरी अजून दोन देश जोडावेच लागतात. वॉर्सॉशी आधी बोलून ठेवा. पोलंडला धरून तिघांची वायमार त्रिकोण ही बैठक १९९१ पासून आहेच.

सगळ्यात जास्त वेळ विजेवरच्या चिनी मोटारींच्या प्रकरणाला द्या. तिथे गणित उलटं होतं: या मोटारींवरचं आयोगाचं शुल्क फेटाळायलाच १५ देश आणि ६५ टक्के लोकसंख्या हवी होती. ४ ऑक्टोबर २०२४ च्या मतदानात १० देश बाजूने, ५ विरोधात आणि १२ तटस्थ राहिले. फ्रान्स बाजूने होता, जर्मनी विरोधात, आणि शुल्क लागू झालं. मूळ १० टक्क्यांवर जास्तीत जास्त ३५.३ टक्के. बीएमडब्ल्यूची चीनमध्ये बनणारी विजेवरची मिनीही २०.७ टक्क्यांच्या शुल्कात सापडली. चीनने लगेच युरोपीय ब्रँडीवर बोट ठेवलं आणि त्याचा फटका मुख्यतः फ्रान्सच्या कोन्याक भागातल्या उत्पादकांना बसला. समोर बसलेल्या माणसाच्या मनात हे द्राक्षमळेवाले असतात, तुमच्या मनात मोटार कारखान्यांतले कामगार. दोघांचं दुखणं खरं आहे. फ्रान्सला काय सोसावं लागलं ते तुम्ही आधी बोललात, तर पुढचं बोलणं सोपं जाईल. मर्कोसुर या दक्षिण अमेरिकी देशांच्या गटाशी असलेल्या व्यापार कराराचंही एक पान ठेवा: जर्मनीला तो हवा, फ्रान्सचे शेतकरी विरोधात. तिथे एका बैठकीत फार काही हलणार नाही.

आपल्या घरातली संमती लेखी घ्या. मूलभूत कायद्याच्या (जर्मनीच्या राज्यघटनेच्या) ६५व्या कलमानुसार धोरणाची दिशा चॅन्सेलर ठरवतात, पण आपलं खातं प्रत्येक मंत्री स्वतःच्या जबाबदारीवर चालवतो. शिवाय सरकार बहुतेक वेळा आघाडीचं. घटक पक्षांचं जुळलं नाही की ब्रसेल्समध्ये जर्मनी तटस्थ राहतो, हे फ्रेंचांना चांगलं ठाऊक आहे. बर्लिनमध्ये व्यापार आर्थिक व्यवहारांच्या खात्याकडे आहे, पॅरिसमध्ये परराष्ट्र खात्याच्या छत्राखाली. म्हणून एकट्या परराष्ट्रमंत्र्यांना पुढे बसवू नका.

संसदेलाही विसरू नका. २२ जानेवारी १९६३ ला फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि जर्मन चॅन्सेलर आडेनाउअर यांनी दोन्ही देशांच्या मैत्रीच्या एलिझे करारावर सह्या केल्या, पण मंजुरी देताना बुंडेस्टागने, म्हणजे जर्मन संसदेने, नाटो, अमेरिकेशी मैत्री आणि युरोपीय आर्थिक समुदायात ब्रिटनचा प्रवेश सांगणारी प्रस्तावना जोडली. द गॉल नाराज झाले. सही करणाऱ्याच्या मागे कोण उभं आहे, हे त्या पानावरून कळतं, म्हणून ते मूळातून वाचा. याच दोन देशांच्या २०१९ च्या आखेन कराराची नुसती उजळणी पुरे.

मतभेद फारच असतील, तर बैठक पुढे ढकलायची तयारी ठेवा. ऑक्टोबर २०२२ ची दोन्ही मंत्रिमंडळांची संयुक्त बैठक अशीच लांबली आणि २२ जानेवारी २०२३ ला पॅरिसमध्ये झाली. पोकळ निवेदनापेक्षा हे कधीही बरं, असं माझं ठाम मत आहे. आणि निवेदनाचा मसुदा आदल्या दिवशीच तयार हवा. त्यातल्या प्रत्येक कलमापुढे कोणतं खातं काम करणार आणि परिषदेच्या कोणत्या बैठकीत विषय मांडणार, ते लिहा. ज्या कलमापुढे हे लिहिता येत नाही, ते काढून टाका.