चिचारितोच्या कारकिर्दीतून गोल करण्याचे तंत्र कसे शिकावे
सोलापुरातील होतकरू स्ट्रायकरने, म्हणजे गोल करण्याची मुख्य जबाबदारी असलेल्या फुटबॉलपटूने, मेक्सिकोचा फुटबॉलपटू हाविएर एर्नांदेस ऊर्फ चिचारितो याची कारकीर्द आधी वहीत क्लबांच्या क्रमाने मांडावी: ग्वादालाहारा, २०१० पासून मँचेस्टर युनायटेड, मग रेआल माद्रिद, लेव्हरकुसेन, वेस्ट हॅम, सेव्हिया, लॉस एंजेलिस गॅलेक्सी आणि २०२४ मध्ये पुन्हा ग्वादालाहारा. मेक्सिकोसाठी विक्रमी ५२ गोल करणाऱ्या या खेळाडूचे खरे कसब, माझ्या मते, चेंडू पायात नसताना दिसते. म्हणून त्याचे सामने पाहताना नजर चेंडूऐवजी त्याच्यावरच ठेवावी. तो बचावपटूच्या पाठीमागे, त्याच्या नजरेआड उभा राहतो आणि बाजूने क्रॉस, म्हणजे गोलसमोर मारलेला चेंडू, येताच त्याला चकवून गोलच्या जवळच्या खांबाकडे झेपावतो. हीच धाव सोलापूरचे ऊन चढण्यापूर्वी मैदानावर जोडीदाराकडून क्रॉस घेत घोटवावी आणि चेंडू न अडवता पहिल्याच स्पर्शात गोलकडे मारावा.