बाळाचे ‘डी’चे थेंब: आधी बाटलीवरचा आकडा वाचा

बाळ वर्षाचं होईपर्यंत रोज ४०० युनिट व्हिटॅमिन डी पुरतं. घोळ होतो तो मापात. मेडिकलमध्ये एका मिलीत ४०० युनिट असलेली बाटली मिळते, तशीच ८०० ची पण. पहिलीतून १ मिली द्यायचं, दुसरीतून अर्धाच. बाटली बदलली की लेबल नव्याने वाचा. जुना ड्रॉपर धुऊन नव्या बाटलीला वापरू नका, त्यावरच्या खुणा त्या औषधापुरत्याच असतात.

मग घरात चालू असलेल्या सगळ्या बाटल्या एका जागी मांडा. मल्टिव्हिटॅमिनच्या थेंबांत, कॅल्शियमच्या सिरपमध्ये बहुधा डी असतंच. डब्याच्या दुधातही असतं. बेरीज करा. सहा महिन्यांपर्यंत दिवसाला १०००, पुढे वर्षापर्यंत १५०० युनिट ही कमाल मर्यादा. मुडदूस असेल किंवा बाळ कमी दिवसांचं असेल तर डोस डॉक्टरच ठरवतील.

मोठ्यांची ६०,००० युनिटची पुडी ‘चिमूटभर’सुद्धा बाळाच्या दुधात नको. एका पुडीत बाळाचे १५० दिवस असतात!

जादा डी लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठतं. रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडात साचू लागतं. बाळ दूध ओढत नाही, उलट्या होतात, शी घट्ट होते, अंग मलूल पडतं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हे सगळं ‘ऊन लागलं’ नाहीतर ‘दात येतायत’ म्हणून खपून जातं. लंगोटाकडे लक्ष द्या: उन्हाने सुकलेल्या बाळाची लघवी कमी होते, इथे बाळ सुकत असूनही लंगोट भिजत राहतात. दोन्हींत दवाखाना गाठायचाच. थेंब बंद करा, बाटल्या आणि ड्रॉपर सोबत न्या, म्हणजे किती गेलं ते कळेल. रक्तातलं कॅल्शियम आणि डी तपासतात. साठा उतरायला आठवडे लागतात, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते.

(कोवळ्या उन्हाने डी जास्त होत नाही, त्वचा जादाचं मोडून टाकते. भीती बाटलीची.)

व्हिटॅमिन ए चं वेगळं. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर १ लाख युनिट म्हणजे १ मिली, दीड वर्षाच्या सुमारास २ मिली, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तेवढंच. अंगणवाडीत एकदा आणि खाजगी दवाखान्यात परत, असं घडू नये म्हणून लसीकरणाचं कार्ड दोन्हीकडे दाखवा. डोस दुप्पट झाला तर टाळू फुगू शकते, उलट्या होऊ शकतात.