जुन्या गाडीचे पोचे आणि गंज: हात घालण्याआधीची तयारी

आधी महिना ठरवा. ठाणे-नवी मुंबईत घासून उघडा केलेला पत्रा पावसाळ्यात एक रात्रही टिकत नाही, सकाळी त्यावर तांबूस थर आलेला असतो. ऐरोली-वाशीच्या खाडीकडे हवा खारी, तिथे तर आणखी लवकर. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. जागा छपराखालची हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ग्राइंडर चालवायचा असेल तर कमिटीला आधी सांगा. रंगाचा फवारा मात्र तिथे नकोच, तो शेजारच्या गाड्यांवर जाऊन बसतो.

मग गाडी तपासा, आणि आतून तपासा. दाराच्या खालच्या कडेला किंवा मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाला फोड आले असतील, तर तो गंज बहुतेक वेळा आतून बाहेर आलेला असतो. बाहेरून कितीही सुंदर काम केलं तरी आतली बाजू तशीच राहिली, तर पुढच्या पावसाळ्यात फोड त्याच जागी दिसतील. दाराचं ट्रिम पॅनल, म्हणजे आतलं आवरण, उघडा. क्लिपा तुटणारच, दहा-बारा जास्तीच्या आणून ठेवा. आतला प्लॅस्टिकचा पडदा न फाडता सोडवा आणि टॉर्च मारून तळाची घडी बघा, जिथे बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. त्या कडेला पाणी निघायची भोकं असतात. घोडबंदर रोडची धूळ आणि पानांचा चुरा मिळून त्यांना घट्ट बूच बसतं. तार घालून ती मोकळी करा, तांब्याभर पाणी ओता. पाणी लगेच खालून आलं पाहिजे. थेंब थेंब आलं तर पुन्हा तार घाला. रनिंग बोर्डच्या, म्हणजे दारांखालच्या लांब पट्टीच्या, पोकळीचंही असंच.

जुनी पुट्टी (पोचा भरायचा लेप) शोधायला फडक्यात गुंडाळलेलं चुंबक फिरवा, जिथे ते पकडत नाही तिथे आधी कुणीतरी लिंपून ठेवलंय. फोडांवर स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. आरपार गेला तर तिथे पुट्टीचा विचारच करू नका, मागून ओल लागून ती फुगते आणि सुटते. कुजलेला पत्रा कापून पॅच लावावा लागतो. पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा, सलग वेल्डिंग केलं तर वाकडा होतो. लांब लांब टाके मारत, मध्ये थंड होऊ देत काम चालतं. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, त्या जागेमागचं कार्पेट आणि फोम बाहेर काढा. सीएनजीची गाडी असेल तर मागच्या भागाचं वेल्डिंग घरी नकोच. दारच कुजलं असेल तर कुर्ल्याच्या बाजारात जुनं दार बघा, त्याचीही खालची कडा तपासून घ्या.

सामान: ८०, १८०, ३२०, ६०० आणि ८०० नंबरचे पेपर, सँडिंग ब्लॉक, ग्राइंडरला वायर कप आणि फ्लॅप डिस्क, हातोडी-डॉली (डॉली म्हणजे ठोकताना पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा), टू-पॅक (हार्डनर मिसळून वापरायचा) इपॉक्सी प्रायमर अर्धा लिटर, पॉलिस्टर पुट्टी एक किलो हार्डनरसकट, ग्रीस काढायचं सॉल्व्हंट, मास्किंग टेप. आणि कॅव्हिटी वॅक्सचे, म्हणजे पोकळीत फवारायच्या गंजरोधक मेणाचे, दोन कॅन, लांब नळी आणि चहूबाजूंना फवारणाऱ्या नोझलसकट. हे वॅक्स पहिल्याच खरेदीत आणा. त्याचं काम सगळ्यात शेवटी येतं, तोवर माणूस थकलेला असतो, गाडी चकाचक दिसत असते आणि ते राहून जातं. त्याऐवजी आत डांबरी अंडरकोट मारू नका, तो सुकून तडकतो आणि तड्यांमागे पाणी धरून ठेवतो. वापरलेलं इंजिन ऑइलही नको, त्याने दाराची रबरं फुगतात. गॉगल, हातमोजे सांगायला नकोत. टू-पॅक प्रायमर आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) यांच्या हार्डनरची वाफ धुळीच्या मास्कने अडत नाही, क्लिअरमध्ये तर आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. त्यामुळे फवारणीचं काम पेंट बूथवाल्याकडे द्या. प्रायमर घरीच लावायचा तर ब्रशने, मोकळ्या हवेत, केमिकल कार्ट्रिजचा मास्क लावून.

काम सुरू करताना आधी साबण, मग सॉल्व्हंट, मग घासणं. उलट केलं तर जुनं पॉलिश ओरखड्यांत बसतं आणि रंगाला खड्डे पडतात. पोचा कडेकडून आत काढत या, सगळ्यात खोल जागी आधी ठोकलं की पत्रा ताणला जातो आणि मग दाबला की टकटक वाजत राहतो. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत गंज काढा. छिद्रांतल्या काळ्या ठिपक्यांना फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर लावा, पण नंतर ते पूर्ण धुवा आणि सुकवा, नाहीतर इपॉक्सी धरत नाही. इपॉक्सी त्याच दिवशी लागला पाहिजे, म्हणून जेवढं संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढंच उघडा. घडीच्या आतल्या बाजूलाही ब्रशने प्रायमर लावा.

पुट्टी इपॉक्सीवर, तो ८०-१८०ने खरवडून. १०० ग्रॅमला २ ग्रॅम हार्डनर. उन्हात चार-पाच मिनिटांत ती आवळते, थोडी थोडीच कालवा. जाडी ३ मिलिमीटरच्या आत. पाणी लावून घासू नका, पुट्टी पाणी पिते. वरून सरफेसर (घासून सपाट करायचा प्रायमर), तो ६००-८००च्या पेपरने घासून मग रंग आणि क्लिअर. रंगाचा कोड गाडीवरच्या प्लेटवरून घ्या, नजरेने जुळवू नका.

रंग पूर्ण सुकला की कॅव्हिटी वॅक्स. आधी मारलं तर वॅक्सचा अंश पत्र्यावर पसरून रंग धरत नाही. दाराच्या तळाच्या घडीत, रनिंग बोर्डमध्ये, कमानीच्या मागे नळी शेवटापर्यंत घाला, फवारा चालू ठेवून हळूहळू मागे ओढा. खालच्या भोकांतून वॅक्स गळू लागलं म्हणजे पोचलं. ती भोकं पुन्हा तारेने मोकळी करा, प्लॅस्टिकचा पडदा चिकटवा, मग ट्रिम बसवा. नव्या रंगावर महिनाभर पॉलिश नको.